आगोटीनंतरचा घाट

रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्वेला सह्याद्रीची सलग भिंत आहे. खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा आणि राजापूर या पाच तालुक्यांच्या पाठीशी ती उभी आहे आणि तिच्या पलीकडे सातारा, सांगली व कोल्हापूर हे जिल्हे आहेत. ही भिंत चढून जाणाऱ्या वाटांना कोकणात आणि देशावर दोन्हीकडे घाट म्हणतात. उत्तरेकडून मोजत आले तर हातलोट, रघुवीर, तिवरे, कुंभार्ली, माळा, कुंडी, आंबा, विशाळगड, अणुस्कुरा, काजिर्डा अशी नावे लागतात. यांतल्या मोजक्या घाटांना आज डांबरी रस्ता आहे. बाकीच्या पायवाटा आहेत. काही वापरात, काही रानात बुजलेल्या.

या घाटांचे वर्ष पूर्वीपासून दोन भागांत वाटलेले होते. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत बैलांचे तांडे, फौजा, लग्नाची वऱ्हाडे आणि यात्रेकरू त्यावरून जात-येत. आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, आली की घाट बंद झाला असे समजत. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक मृग ते हस्त या नक्षत्रांत पडतो. समुद्रावरून आलेला वारा कड्याला थडकून वर चढतो, त्यामुळे घाटमाथ्यावर पावसाचे प्रमाण किनाऱ्याहूनही वाढते. कोयनानगरच्या परिसरात ते पाच हजारांच्या घरात जाते, आणि तिथून पूर्वेला असलेल्या कराडला सातशेच्या आसपास येऊन ठेपते. त्याच चार महिन्यांत समुद्रही बंद असे. शिडाची गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारली जात आणि पुढच्या काळात आगबोटीही थांबत. म्हणजे पावसाळ्यात रत्नागिरीकराला बाहेर पडायचे झाले तर पाण्याची वाट नव्हती आणि डोंगराची वाट बंद मानली जात होती. तरीही माणसे घाट ओलांडत राहिली. जुने उल्लेख एकत्र ठेवून पाहिले तर एक गोष्ट ठळक दिसते: पाऊस घाट अडवतो तो ओझ्यासाठी. भरलेली गोणी, तोफ, तंबू, हत्ती आणि आज दहाचाकी ट्रक हे त्यात अडकतात. हलका, एकटादुकटा चालणारा माणूस बहुधा पार होतो.

याचे कारण डोंगराच्या घडणीत आहे. सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचा बनला आहे. एकावर एक साचलेल्या या थरांत काही घट्ट, काळ्या बेसाल्टचे आहेत, काही भुसभुशीत व सच्छिद्र; मधूनमधून तांबड्या मातीसारखा पातळ पट्टाही दिसतो. घट्ट थराचा कडा होतो आणि मऊ थर झिजून सपाटीचा टप्पा तयार होतो. या टप्प्याला पदर म्हणतात. कोकणातून वर जाणारी कोणतीही जुनी वाट पाहिली तर ती पायथ्याच्या वाडीपासून पदरापर्यंत झाडीतून जाते, पदरावर थोडी आडवी चालते, मग कड्यातली एखादी फट शोधून माथ्यावर निघते. पायथा समुद्रसपाटीपासून शे-दोनशे मीटरवर आणि माथा आठशे ते हजार मीटरवर, असा हा चढ आहे. उघडिपीत सराईत माणूस तो दोन-अडीच तासांत चढतो.

कड्यातली फट दोन प्रकारची असते. पाण्याने कोरलेली घळ म्हणजे नाळ, आणि माथ्यापासून खाली उतरत आलेला डोंगराचा दांडा म्हणजे सोंड. उन्हाळ्यात नाळेने जाणे सोयीचे. सावली असते, दगडांच्या पायऱ्या आपोआप बनलेल्या असतात. पावसाळ्यात ती नाळ म्हणजे ओढाच. माथ्यावर ढग फुटला तर खाली पाऊस नसतानाही तिच्यात लोंढा येतो आणि दगड गडगडत येतात. म्हणून पाण्याच्या दिवसांत जाणकार सोंडेने जातात. सोंडेवर पाण्याचे भय कमी, पण वारा उभा राहू देत नाही आणि गवताखालचा मुरूम पायाखालून सरकतो. घट्ट थराचा कडा सोंडेलाही आडवा येतोच. तिथे छिन्नीने खोदलेल्या पावठ्या दिसतात. वीतभर रुंद, मधे झिजून किंचित खोलगट झालेल्या या पावठ्यांत पावसाचे पाणी साचते आणि कडेने शेवाळ धरते. त्यावरून उतरताना अनवाणी माणूस बोटे रोवून पाय टाकतो; चपला हातात घेण्याची किंवा कमरेला खोचण्याची जुनी रीत त्यातूनच आलेली आहे. पायथ्याच्या वाड्यांत अजूनही वयस्क माणसे ओल्या कातळावर पादत्राणाचा भरवसा धरीत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे.

पायथ्याला आणखी एक अडचण असते ती पऱ्यांची. कोकणात डोंगरातून येणाऱ्या लहान ओढ्याला पऱ्या किंवा व्हाळ म्हणतात. घाटाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत असे पाच-सहा पऱ्ये आडवे येतात. त्यांवर गावकरी दर वर्षी साकव घालीत: दोन्ही काठांच्या झाडांना किंवा रोवलेल्या खांबांना ओंडके टेकवून, वर बांबू वेलींनी बांधून केलेला हा पूल. साकवावरून माणूस जातो, शेळी जाते. लादलेला बैल जात नाही. घाटाची क्षमता अशी पायथ्यापासूनच ठरलेली असे. पुढे सरकारी योजनांतून लोखंडी व सिमेंटचे साकव झाले, पण नाव तेच राहिले.

पावसात चालणाऱ्याचे सामानही बेताचेच होते. भातलावणीत पाठीवर घेतात ते बांबू आणि पानांचे इरले वाकून काम करायला उत्तम, पण घाटमाथ्याच्या वाऱ्यात त्याचा शिडासारखा फुगा होतो. म्हणून वाटसरू घोंगडीची खोळ घेत असे. घोंगडी भिजली की जड होते, तरी लोकर ओली असतानाही ऊब देते आणि मुक्कामाला पिळून अंगाखाली घेता येते. हातात काठी, कमरेला कोयती, फडक्यात भाकरी. वर धुके असे दाट असते की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. धनगर अशा वेळी लांबट हाळी देतात आणि तिच्या उत्तरावरून अंतर ओळखतात.

घाटांचा जुना इतिहास बंदरांशी बांधलेला आहे. वाशिष्ठीच्या मुखावरचे दाभोळ हे बंदर, खाडीच्या वरच्या टोकाचे चिपळूण आणि घाटावरचे कराड हा जोडलेला व्यापारी मार्ग कुंभार्ली परिसरातून जात असे. चिपळूण, खेड आणि कराडजवळच्या आगाशिवच्या डोंगरातली लेणी, तसेच दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजी येथील एकोणतीस लेण्यांचा समूह या रहदारीच्या खुणा मानल्या जातात. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे महिने फिरती थांबवून एका जागी राहण्याचा नियम, या प्रदेशात किती व्यवहारी होता हे इथला आषाढ पाहिला की कळते. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरून घाट चढून जुन्नरला गेला. चार महिने सर्वत्र पाणी आणि चिखल असतो, अशी नोंद त्याने केली आहे. परतीला तो दाभोळहून जहाजात बसला. त्याच्याजवळ विकायला आणलेला घोडा होता. अशा मालकाला पावसाळा जुन्नरात काढण्यावाचून गत्यंतर नव्हते.

बहमनी फौजांनी हाच धडा अधिक मोठ्या किमतीला घेतला. आजचा विशाळगड तेव्हा खेळणा नावाने ओळखला जात असे. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला तो आहे आणि त्याची पश्चिमेकडची उतरण लांजा तालुक्यातल्या प्रभानवल्लीकडे जाते. १४५३ च्या सुमारास मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन या सरदाराला स्थानिक शिर्के सरदारांनी वाट दाखवण्याच्या मिषाने खेळण्याच्या रानात नेले आणि तिथे त्याच्या सैन्याची कत्तल झाली, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. पुढे महमूद गावानने याच मुलखावर मोहीम काढली तेव्हा पाऊस लागताच त्याला फौज मागे घेऊन कोल्हापूरकडे छावणी करावी लागली. खेळणा आणि संगमेश्वर हाती आले ते त्यानंतर. महमूद गावान मुत्सद्दी होता. पाऊस ही वाटाघाट न करणारी बाजू आहे हे त्याने ओळखले.

पावसाळी घाटवाटेचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग १६६० च्या जुलैतला. आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता आणि शिवाजी महाराज गडावर अडकले होते. राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे इंग्रज साथीदार उखळी तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला घाट चढून गेले होते. हे जड सामान त्यांनी एप्रिलमध्ये, उन्हाळ्यात, वर नेले हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शिवाजी महाराज बाहेर पडले ते मात्र ऐन आषाढात. पौर्णिमेच्या सुमाराची रात्र होती, पण ढगांमुळे चांदणे नव्हते. बरोबर सुमारे सहाशे माणसे. महाराजांचे सोंग घेतलेला शिवा काशीद दुसऱ्या पालखीतून शत्रूच्या हाती लागला आणि मारला गेला. त्या गोंधळात मिळालेल्या वेळात महाराजांची पालखी म्हसाईच्या पठारावरून पश्चिमेला निघाली. पन्हाळा ते विशाळगड हे डोंगरी वाटेने साठ किलोमीटरच्या आसपासचे अंतर रात्र आणि पुढचा दिवस यांत कापले गेले. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांड्यांनी पाठलाग रोखून धरला आणि तिथेच ते पडले. खिंड म्हणजे दोन डोंगरांमधला ओढ्याचा अरुंद मार्ग. त्या दिवसांत तो पाण्याने भरलेला असणार, आणि पाठलागावरच्या घोडेस्वारांचा तिथे फारसा उपयोग होऊ शकत नव्हता. पायदळाला सोयीची आणि घोडदळाला गैरसोयीची अशी जागा व तसा ऋतू एकत्र आले होते.

या कथेतला एक भाग सहसा थोडक्यात सांगितला जातो. विशाळगडालाही वेढा होता, आणि तो शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे व पालवणचे जसवंतराव दळवी या कोकणातल्या सरदारांनी घातलेला होता. शृंगारपूर हे संगमेश्वर तालुक्यात, प्रचितगडाच्या पायथ्याला आहे. म्हणजे रत्नागिरीकडची माणसेही त्या पावसात घाटमाथ्यावर चढून बसलेली होती. महाराजांना तो वेढा फोडूनच गडावर जावे लागले. पुढल्या वर्षी राजापूर, दाभोळ आणि संगमेश्वर हा मुलूख महाराजांनी घेतला, शृंगारपूर जिंकले आणि रेव्हिंग्टनची रवानगी कैदेत झाली.

पन्हाळा-विशाळगडाच्या याच वाटेवर, १६६० नंतर बेचाळीस वर्षांनी, उलटा प्रयोग झाला. औरंगजेब १७०१ च्या अखेरीस खेळणा घेण्यासाठी आला. मलकापूरकडून पुढे झाडी इतकी दाट आणि चढ-उतार इतके होते की फत्तेउल्लाखानाच्या हाताखालच्या बेलदारांनी दगड फोडून व झाडे तोडून रस्ता केला तेव्हा बादशाही लवाजमा सरकू शकला. गडावर परशुरामपंत प्रतिनिधी होते. आंबेरचा कोवळ्या वयाचा राजा जयसिंग, पुढे जयपूर वसवणारा, कोकणी दरवाजाच्या बाजूने लढत होता. वेढा जानेवारीत लागला आणि जून उजाडला तरी चालूच होता. अखेर पैसे घेऊन मराठ्यांनी गड खाली केला. बादशहाने त्याचे नाव सख्खरलना ठेवले. नाव टिकले नाही.

गड मिळाला तोच पाऊस सुरू झाला. १० जूनला निघालेली फौज पन्हाळ्याजवळ पोहोचली १७ जुलैला. अंतर तीस मैल. लागलेले दिवस अडतीस. सरासरी काढली तर दिवसाला सव्वा किलोमीटर. ओढे फुगलेले, तंबू भिजून दुप्पट जड झालेले, उंट चिखलात बसलेले, धान्य आणि वैरण मागून येऊ शकत नाही अशी अवस्था. वाटेत जागोजागी सामान टाकावे लागले आणि माणसे व जनावरे मेली. १६६० मध्ये एका रात्रीत व दिवसात झालेला प्रवास १७०२ मध्ये सव्वा महिना चालला, आणि पाऊस दोन्ही खेपेला होता. आकाराने जगातल्या मोठ्या सैन्यांपैकी एक असलेल्या फौजेला सह्याद्रीने केवळ तिच्या वजनावर हरवले. मोगलांना हे कळत नव्हते असे नाही. १६८९ च्या फेब्रुवारीत मुकर्रबखान कोल्हापूरकडून घाट उतरून संगमेश्वरी पोहोचला आणि संभाजी महाराजांना पकडले गेले, तेव्हा त्याने निवडक लोक घेऊन, बिनसामानाची दौड केली होती. तो कोणत्या घाटाने उतरला याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. ऋतू मात्र कोरडा होता.

युद्धे सोडली तर घाटांवर वर्षानुवर्षे चालली ती बैलांची ये-जा. लमाण आणि वंजारी यांचे तांडे कोकणातून मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी वर नेत आणि येताना गूळ, तंबाखू, मिरची, डाळी, ज्वारी आणीत. घाटाच्या तोंडाशी जकातीची चौकी असे. तिचा हिशेब ठेवणाऱ्यांच्या घराण्यांनी घाटपांडे हे आडनाव लावले. तांडा पावसाआधी आपापल्या मुलखात परतलेला असला पाहिजे हा अलिखित नियम होता, कारण गोणीतले मीठ भिजले की व्यवहार तिथेच संपला. कोकणातल्या घराला त्यामुळे आगोटीची बेगमी करावी लागे. चार महिने पुरेल एवढे मीठ, मिरची, सुके मासे, सरपण, गुरांची पेंढी सगळे मे महिन्यात घरात येई. घाट बंद असण्याचा हिशेब असा प्रत्येक स्वयंपाकघरात मांडलेला होता.

बेगमीत न मावणारी कामे माणसाला करावी लागत. पेशवाईत जासूद आणि काशीद पत्रे घेऊन बारा महिने धावत. इंग्रजी अमदानीत टपालाचे हरकारे आले. ठरावीक अंतरावर टप्पे, हातात भाला किंवा घुंगुरकाठी, खांद्यावर मेणकापडात गुंडाळलेली थैली. घाटमाथ्यावरचे गवळी-धनगर तर रोजचेच वाटसरू. त्यांचे वाडे पदरावर नाहीतर माथ्यावर, बाजार खाली कोकणात. दूध, लोणी, तूप डोक्यावर घेऊन ते भर श्रावणात उतरत आणि संध्याकाळी मीठ-तांदूळ घेऊन चढत. घाटवाट जिवंत राहिली ती मुख्यतः यांच्या पायांनी. इतिहासाच्या पुस्तकांत सरदारांची नावे येतात, पण वाटेवरची पडलेली झाडे दर भाद्रपदात कोयतीने कोणी तोडली असतील तर धनगरांनी.

एकोणिसाव्या शतकात घाटवाटांना एक नवा प्रवासी मिळाला: विद्यार्थी. शाळा आणि परीक्षा केंद्रे मोजक्या गावांत होती. कराडजवळच्या टेंभूचा गोपाळ गणेश आगरकर शिक्षणासाठी पायी घाट उतरून रत्नागिरीला आला. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले लहानपणी वर कागलला शिकायला गेले. पावसाळी घाट ओलांडल्याची सर्वांत बोलकी हकीकत मात्र धोंडो केशव कर्वे यांची आहे. दापोलीजवळच्या मुरुडचा हा मुलगा १८७५ मध्ये सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी काही सोबत्यांबरोबर साताऱ्याला निघाला. पावसाचे दिवस होते, समुद्रमार्गाचा भरवसा नव्हता, तेव्हा पायी जायचे ठरले. चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, सातारा असा शंभर मैलांहून लांबचा रस्ता त्यांनी पाठीवर बोचकी घेऊन भिजत तुडवला. साताऱ्यात परीक्षा समितीपुढे उभे राहिल्यावर अंगाने किरकोळ असलेला धोंडू सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्याला बसूच दिले नाही. वय खरोखर सतरा पूर्ण होते. जन्म १८ एप्रिल १८५८ चा. आला तसा तो परत गेला आणि पुढल्या वर्षी कोल्हापूरहून तीच परीक्षा उत्तीर्ण झाला. पुढे महर्षी म्हणून ओळखल्या गेलेल्या, १०४ वर्षे जगलेल्या या माणसाने आपल्या आत्मवृत्तात हा प्रसंग लिहून ठेवला आहे. त्यात घाटाचे वर्णन फार नाही. त्या काळच्या कोकणी मुलाला घाट चढणे सांगण्यासारखे वाटत नसे; दारातून परत पाठवले जाणे वाटे.

१८१९ मध्ये दक्षिण कोकणचा जिल्हा झाला, आधी बाणकोट आणि १८२२ पासून रत्नागिरी हे त्याचे ठाणे. नव्या इंग्रज राज्यकर्त्यांना घाट हवा होता तो बैलगाडीसाठी. शतकाच्या उत्तरार्धात कुंभार्ली, आंबा, फोंडा या घाटांतून वळणावळणाचे गाडीरस्ते काढले गेले. गाडीरस्ता आणि पायवाट यांचे गणितच वेगळे. पायवाट सोंड धरून सरळ चढते आणि पाणी दोन्ही अंगांनी निघून जाते. गाडीरस्त्याला चढ सौम्य हवा, म्हणून तो डोंगराच्या पोटात आडवा खणावा लागतो. वरची माती आधाराविना राहते आणि पाणी अडते. दरड हा पायवाटेचा क्वचितचा आणि गाडीरस्त्याचा नेहमीचा रोग आहे. गाडीरस्ते झाल्यावर माल तिकडे वळला आणि माळा, कुंडी, तिवरे, हातलोट या वाटा फक्त आसपासच्या गावांच्या उरल्या.

विसाव्या शतकात वाटांची वरची टोकेच नाहीशी होऊ लागली. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरला आणि घाटमाथ्यामागच्या खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली किंवा उठली. कांदाटी खोऱ्यातली सातारा जिल्ह्यातली गावे जलाशयाच्या अलीकडे अडकली. त्यांना आपल्या जिल्ह्याच्या ठाण्यापेक्षा रघुवीर घाटाने खेडचा बाजार जवळ पडू लागला. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनानगर परिसर उद्ध्वस्त केला. दक्षिणेला वारणेवर चांदोली धरण झाले, अभयारण्य झाले, २००४ मध्ये त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प ठरला. २०१२ मध्ये ही दोन्ही राने पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेली. रानाला हे चांगले झाले. घाटवाटांना मात्र पलीकडे गावच उरले नाही, आणि जिथे जायला गाव नाही ती वाट एक-दोन पावसांत कारवीने भरते. चोरवण्यातून नागेश्वराच्या गुहेकडे चढणारी वाट महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे टिकली; प्रचितगडाची वाट वनखात्याच्या परवानगीवर चालते. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पात प्रवेश बंद असतो, म्हणजे आगोटीचा जुना नियम वेगळ्या कारणाने परत आला आहे.

याच काळात हौसेने चालणारे आले. मुंबई, पुणे आणि कोल्हापुरात गिर्यारोहण संस्था निघाल्या, गो. नी. दांडेकरांनी दुर्गभ्रमणाची गोडी लावली आणि आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ या पुस्तकाने घाटवाटांची माहिती सामान्य भटक्याच्या हाती दिली. दर आषाढात पन्हाळा ते पावनखिंड (जुनी घोडखिंड) अशा पदभ्रमंतीला हजारो लोक जातात. गर्दीचा हा प्रवास पाहिला की ओझ्याचा जुना प्रश्न नव्या रूपात दिसतो. हजार माणसांच्या पायांनी शेताच्या बांधांचा चिखल होतो, मुक्कामाच्या वाड्यांना पाणी आणि जागा पुरवावी लागते.

एकट्याने पावसात डोंगररांग ओलांडणारा भटका या परंपरेत संख्येने कमी, पण जुन्या वाटसरूच्या सर्वांत जवळचा. खेड तालुक्यातली रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड हे एकाच धारेवरचे तीन गड त्याची कसोटी घेतात. रसाळगडावर झोलाईदेवीच्या देवळात मुक्काम करता येतो. तिथून सुमारगडाकडे जाताना जंगलात ढोरवाटा फुटतात आणि धुक्यात त्या सगळ्या सारख्याच दिसतात. दोन्ही बाजूंना खोल दरी असलेल्या धारेवर दिशा चुकायला जागा नाही, पण उतरणीला सोंड चुकते आणि माणूस भलत्याच नाळेत शिरतो. सुमारगडाच्या माथ्याखालचा कातळटप्पा ओला असेल तर सोबतीवाचून चढू नये, असे स्थानिक लोक सांगतात. सुज्ञ माणूस तो वळसा घालून टाळतो आणि महिपतगडाच्या विस्तीर्ण माथ्यावर पारेश्वराच्या देवळात पोहोचतो, किंवा वाडी बेलदारला उतरतो. अशा दिवसात वाट सापडण्यापेक्षा वेळ पुरणे महत्त्वाचे ठरते. उन्हाळ्यात तीन तासांचे अंतर पावसात सहा तास घेते; ढगांमुळे रानात साडेपाचलाच अंधारते. जुन्या वाटसरूला दर दोन कोसांवर धनगरवाडा लागे, चुलीचा धूर दिसे, कोणीतरी वाट दाखवी. धनगरवाडे उठत चालले आहेत. आजच्या एकट्या भटक्याजवळ नकाशा आणि फोन आहे, पण विचारायला माणूस नाही. या बाबतीत त्याचा प्रवास कर्व्यांच्या प्रवासाहून अवघड आहे.

अलीकडच्या वर्षांत पायथ्याची गावेही धोक्यात आली. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि खालची वाडी वाहून गेली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण शहर बुडाले आणि खेड तालुक्यातल्या पोसरे येथे घरांवर दरड आली. त्याच पावसात आंबा घाटातला रस्ता खचला. दुरुस्तीनंतर आधी हलकी वाहने सोडली गेली. अवजड वाहतूक कित्येक महिने बंद राहिली. कुंभार्ली घाटातही दर पावसाळ्यात कुठेतरी माती खाली येते आणि ट्रकांची रांग लागते. रस्ता पूर्ण अडला की दुर्गम वाड्यांतल्या आजारी माणसाला अजूनही डोलीत घालून, चार जणांच्या खांद्यावरून, जुन्या सोंडेच्या वाटेने खाली आणतात. ती वाट त्यासाठी गावकरी दर वर्षी मृगाआधी साफ करून ठेवतात.